चार दिशांचे वारे आणि कुणकेश्वरचं एक वर्ष

मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी सोलापूरचा पारा ४२ अंश सेल्सिअसवर असतो, तेव्हा देवगडचा किनारा ३३ अंशांच्या आसपास असतो. आकड्यांत नऊ अंशांचा फरक. तरीही सोलापूरहून देवगडजवळच्या कुणकेश्वरला आलेला पाहुणा गाडीतून उतरून देवळाच्या आवारात पोचेपर्यंत घामाने निथळत असतो. ‘ऊन आमच्याकडे जास्त, पण जीव इथे जास्त कासावीस होतो,’ असं तो म्हणतो, आणि त्याचं अगदी बरोबर आहे. तापमापक उन्हाळ्याची अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी हवेतल्या पाण्यात असते.

सोलापूरच्या त्या दुपारी सापेक्ष आर्द्रता १५ टक्के धरली, तर एका घनमीटर हवेत साधारण ८ ग्रॅम बाष्प असतं. किनाऱ्यावर ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता धरली, तर तेवढ्याच हवेत सुमारे २७ ग्रॅम. तिपटीहून जास्त. आता माणसाचं शरीर काय करतं ते पाहू. नुसतं बसून राहिलं तरी शरीर साधारण १०० वॉट उष्णता तयार करत असतं. तरव्याची पेंढी उचलणारा किंवा आंब्याच्या पेट्या वाहणारा माणूस त्याच्या चौपटीने. ती उष्णता बाहेर टाकायचा उन्हाळ्यातला मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक ग्रॅम घाम कातडीवर सुकला की सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो सुकला पाहिजे. हनुवटीवरून ठिबकून गेलेल्या घामाने शरीर जवळजवळ काहीच थंड होत नाही, उलट पाणी आणि मीठ तेवढं जातं. कोकणात घाम येतो भरपूर, पण सुकत नाही. सगळं दुखणं इथे आहे.

शास्त्रज्ञ हे मोजायला तापमापकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळतात आणि त्यावर वारा घालतात. पाणी सुकेल तितका पारा खाली येतो. सोलापूरच्या आपल्या दुपारी हा ओला पारा २२ अंशांपर्यंत उतरतो, देवगडच्या दुपारी जेमतेम २९ पर्यंत. म्हणजे घामाच्या जोरावर शरीराला जी थंडी मिळू शकते, ती देशावर वीस अंशांची आणि इथे फक्त चार अंशांची. ओला पारा ३५ ला पोचला तर धडधाकट माणूसही सावलीत बसून फार तास तग धरू शकत नाही, असं गणित आधी मांडलं गेलं होतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाने तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष चाचण्या घेऊन २०२२ मध्ये दाखवलं की ही मर्यादा त्याहून बरीच खाली, दमट हवेत ३१ अंशांच्या आसपासच येते. आपली साधी दमट दुपार त्या रेषेपासून फार लांब नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

याच कारणाने नागपूरच्या घरात वाळ्याच्या ताट्या आणि पाण्याचा कूलर स्वर्ग उभा करतात, आणि तोच कूलर देवगडला आणला तर खोलीत फक्त ओल वाढवतो. माठातलं पाणीही इथे देशावरच्यासारखं गार होत नाही. पाण्याने गारवा आणायची युक्ती समुद्रकाठी चालत नाही. इथे चालतो तो वारा. कातडीलगत घामाच्या वाफेने भरलेला हवेचा पातळ थर साचतो, तो वारा उडवून नेतो आणि त्याच्या जागी थोडी कोरडी हवा आणतो. घाम सुकायला लागतो. तापमान एक अंशही न उतरता माणसाला बरं वाटतं. म्हणून या किनाऱ्यावरचे ऋतू ओळखायचे ते पाऱ्यावरून नव्हे, वारा कुठून येतो आणि कधी थांबतो त्यावरून. इथलं घर, शेती, मासेमारी, जत्रा, जेवण, सगळं त्या वाऱ्याच्या आणि ओलीच्या हिशोबाने बसवलेलं आहे, आणि माझ्या मते तो हिशोब आपण आत्ता आत्ता विसरायला लागलो आहोत.

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे सगळ्यांनी पाठ केलेले असतात. कुणकेश्वरच्या वाळूवर ते दिवसातून दोनदा भेटतात. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची हवा आत शिरते. हा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, दाब उलटतो आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई. पूर्वी शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर जात आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. इंधनाचा खर्च शून्य होता, पण वेळ वाऱ्याची पाळावी लागे.

एप्रिल आणि मेमध्ये खारा वारा जोरात असतो. दुपार कलली की तो वायव्येकडून येतो, समुद्रावर पांढरी फेसाची टोकं दिसायला लागतात, किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांचा आवाज वाढतो. देवगडच्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या केल्या त्या याच किनाऱ्यावरच्या वाऱ्याच्या भरवशावर. या दिवसांत कुणकेश्वरला येणाऱ्याने सकाळी दहा ते बारा-एक हा वेळ टाळावा. तेव्हा मतलई थांबलेला असतो, खारा सुरू व्हायचा असतो, आणि मधल्या पोकळीत झाडाचं पान हलत नाही. गावातली माणसं आंब्याची काढणी पहाटेपासून सुरू करून ऊन चढायच्या आत उरकतात. त्यात माणसाची सोय आहेच, पण फळाचीही आहे. उन्हात तापलेला आंबा तापलेल्या जमिनीवर टेकवून ठेवला तर हापूसमध्ये साका धरण्याची भीती वाढते.

सूर्य या गावाच्या बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदा येतो. अक्षांश साधारण १६.३ उत्तर, त्यामुळे एकदा मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मध्यान्ही उभ्या काठीची सावली तिच्याच पायाशी जिरते. मेमधला तो दिवस सगळ्यांना जाणवतो. ऑगस्टमधला ढगांच्या मागे निघून जातो, कोणाला कळतही नाही.

उन्हाळा सोसायची इथली रीत पोटातून सुरू होते. उकड्या तांदळाची पेज, चवीला मीठ, सोबत लोणच्याची फोड किंवा भाजलेला सुका बांगडा. घामातून जातं ते पाणी आणि मीठ, आणि पेजेतून मिळतं तेच. सोलकढी, कोकमाचं सरबत, कैरीचं पन्हं, शहाळं हे सगळे याच कामाचे. बाहेरगावाहून आलेल्यांना एक सांगावंसं वाटतं. शरीराला दमट उष्म्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. त्या काळात रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुरू होतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. मुंबईत वातानुकूलित खोलीत वर्षभर बसणारा चाकरमानी मेच्या सुटीत गावी येतो आणि पहिल्याच दिवशी भर दुपारी बागेत राबायला जातो, तेव्हा त्याचं शरीर अजून तयार झालेलं नसतं. चक्कर, उलटी, बोलण्यात गोंधळ दिसला तर त्याला सावलीत आणून अंग ओलं करावं, वर पंखा धरावा आणि दवाखान्यात न्यावं. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, ही समजूत चुकीची आहे. अंगमेहनतीने झालेल्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो.

मेच्या शेवटी एक वेळ अशी येते की जुनी माणसं आकाशाकडे न पाहता म्हणतात, ‘वारो पडलो.’ अरबी समुद्राचं पाणी तेव्हा वर्षातलं सर्वांत गरम, तीस अंशांच्या आसपास असतं. हवा बाष्पाने जड झालेली असते आणि उत्तर-वायव्येचा वारा ढिला पडलेला असतो. रात्रीही पारा २६ च्या खाली येत नाही. संध्याकाळी पूर्वेला सह्याद्रीवर ढग चढतात, विजा चमकतात, कधी वळीव कोसळतो, कधी नुसता गडगडाट करून जातो. वर्षातले सर्वांत अवघड दिवस हेच. घामोळ्याने अंग फुटतं, लहान मुलं रात्रभर कुरकुरतात, आणि वादळी वाऱ्याने झाड पडून वीज गेली की पंख्याचा आधारही जातो. याच दिवसांत ओढ्याकाठच्या झाडांवर काजवे भरतात. अंगणात खाट टाकून जागरण करणाऱ्याला ते आपसूक दिसतात.

आणि याच दिवसांत बेगमीची घाई असते. चार महिने बाजार, वाळवण आणि मासे बंद असणार हे धरून घर भरायचं. रातांबे फोडून आमसुलं वाळवायची, बियांची चरबी काढून मुठेलाचे गोळे करायचे, आगळ बाटल्यांत भरायचं. आंब्याची साठं, फणसपोळी, उन्हात कडक केलेल्या आठळ्या. सुका बांगडा, गोलमो, सोडे. कुळीथ, मीठ, मसाला, चुलीसाठी लाकडं. हे सगळं कडक उन्हावर अवलंबून. उन्हाळ्याचं ऊन पावसाळ्यासाठी साठवून ठेवायची ही पद्धत आहे, आणि त्यातला प्रत्येक पदार्थ बुरशीशी लढायच्या एखाद्या उपायावर उभा आहे: मीठ, आंबटपणा, धूर किंवा पूर्ण सुकवणं.

२०२५ साली हा हिशोब पार कोलमडला. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जोरदार पाऊस सुरू झाला आणि २५ मे रोजी हवामान खात्याने मोसमी पावसाची उत्तर सीमा देवगडवरून आखली. नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. दुसऱ्या दिवशी तो मुंबईत पोचला, तिथली नेहमीची तारीख ११ जून. १९५० नंतरचं ते सर्वांत लवकरचं आगमन ठरलं. वर्तमानपत्रांनी त्याचं कौतुक केलं. पण ज्याच्या झाडावर शेवटचा आंबा होता, ज्याचे रातांबे अजून पिकायचे होते, ज्याची मासळी वाळूवर पसरलेली होती, त्याच्यासाठी ते दहा दिवस म्हणजे अर्ध्या वर्षाची बेगमी होती. पाऊस लवकर येणं ही दरवेळी चांगली बातमी नसते.

एरवी मिरग लागतो तो ७-८ जूनला. सूर्य मृग नक्षत्रात जातो ती ही तारीख, त्यामुळे दरवर्षी तीच. मिरगाला कोंबडा करायचा, राखणदाराला त्याची राखण द्यायची आणि मग शेतीला हात लावायचा, हा तळकोकणातला क्रम. मातीतून मखमली लाल किडे बाहेर येतात. मग आर्द्रा, पुढे पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आसळका, मघा, आणि सप्टेंबरच्या अखेरीस गडगडत येणारा हत्ती. नक्षत्रांची ही यादी पंचांगातली असली तरी शेतकऱ्याला ती कामाची यादी म्हणून उपयोगी पडते: कधी पेरायचं, कधी लावायचं, कधी पाणी सोडायचं.

जूनमध्ये वाऱ्याची दिशा बदलते आणि चार महिने ती नैर्ऋत्य-पश्चिमच राहते. हा वारा दक्षिण गोलार्धातून विषुववृत्त ओलांडून येतो, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वेग घेतो आणि हजारो किलोमीटर समुद्रावरचं बाष्प उचलत आपल्यावर आदळतो. किनाऱ्यावर पडणारा पाऊस मोठा, पण सह्याद्रीची भिंत चढताना हीच हवा निवते आणि तिथे त्याहून कितीतरी जास्त पडतो. आंबोलीचा पाऊस देवगडच्या दुपटीहून जास्त असतो.

एक गोष्ट बऱ्याच जणांना खरी वाटत नाही. कोकण किनाऱ्यावरची वर्षातली सर्वांत थंड दुपार जानेवारीत नसते, जुलै-ऑगस्टमध्ये असते. जानेवारीत दुपारचा पारा ३१ च्या आसपास जातो. ऑगस्टमध्ये २९ च्या पुढे क्वचित. ढग ऊन अडवतात आणि वारा थांबत नाही, त्यामुळे नव्वद टक्के आर्द्रता असूनही जीव घुसमटत नाही. उष्म्याचा त्रास संपतो आणि ओलीचा सुरू होतो. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, चामड्याच्या चपलेवर हिरवट थर येतो, पुस्तकांना वास येतो. लावणीत दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांच्या पायांच्या बोटांत चिखल्या होतात. टाचांच्या भेगांना मुठेल चोळायचं ते म्हणूनच.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. सिंधुदुर्गात भातलावणीच्या काळात लेप्टोस्पायरोसिसने माणसं दगावलेली आहेत. उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून हे जंतू शेतातल्या पाण्यात येतात आणि पायाच्या बारीक जखमेतून शरीरात शिरतात. चिखल्या असलेला पाय त्यांना उघडं दार असतो. गमबूट घालून लावणी करणं जड जातं, हे खरं आहे. पण आरोग्य केंद्रातून मिळणारी प्रतिबंधक गोळी वेळेवर घेणं आणि ताप आला की अंगावर न काढणं, एवढं तरी प्रत्येक घराने पाळावं.

समुद्र या काळात बंद असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातले खेळ मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत थांबलेले. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या. कुणकेश्वरला ऐन पावसात आलेल्या माणसाला मार्चमध्ये पाहिलेली रुंद पुळण ओळखू येत नाही. उंच, एकामागोमाग येणाऱ्या लाटा वाळू ओढून समुद्रात नेतात, किनारा खडा होतो, पाणी देवळाच्या पायथ्याशी येऊन आपटतं. हिवाळ्यातल्या शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. या मंदिराबद्दल एक आख्यायिका सांगतात: वादळात सापडलेल्या परदेशी व्यापाऱ्याला किनाऱ्यावर दिवा दिसला, त्याने नवस बोलला, वाचला आणि मंदिर बांधलं. गोष्ट कितपत खरी हे बाजूला ठेवलं तरी ज्या समुद्राची ती आहे तो समुद्र जुलैत उभं राहून पाहण्यासारखा आहे. लांबून. या दिवसांत पाण्यात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि दरवर्षी कोणीतरी तो खेळतोच.

पावसाचं खरं सुख सड्यावर आहे. उन्हाळ्यात पाय पोळवणारा जांभ्याचा कातळ ऑगस्टमध्ये बोटभर मातीवर हिरवा होतो आणि त्यावर सीतेची आसवं, गेंद, तेरडा यांचे ताटवे उमलतात. सीतेची आसवं ही निळी-जांभळी नाजूक फुलं कीटकभक्षी वनस्पतीची. निकस मातीत नत्र मिळत नाही म्हणून ती मातीखालच्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडते. घरात टाकळा, भारंगी, फागला, अळू, अळंबी. चढणीचे मासे पकडायचा छंद मात्र आता आवरता घ्यावा; अंडी घालायला वर निघालेली मादी पकडली तर पुढच्या वर्षी ओढ्यात काय राहणार? मग चतुर्थी येते आणि गणपतीच्या डोक्यावर माटी बांधली जाते. कांगलं, हरण, कवंडळ, तेरडा, काकडी, नारळ, सुपारीचा घड. त्या ऋतूत त्या गावाच्या रानात आणि परसात जे जे आहे ते तिथे टांगलेलं असतं. माटीचं सामान गोळा करायला पोरांना रानात पाठवणारं घर त्यांना वनस्पतिशास्त्र शिकवत असतं. बाजारातून प्लॅस्टिकची माटी आणणारं घर ते शिक्षण बंद करतं.

सप्टेंबरच्या शेवटाला वारा पुन्हा पडतो. आकाश मोकळं होतं, जमीन अजून ओली असते, तिच्यातून वाफ वर येते आणि समुद्र दुसऱ्यांदा तापायला लागतो. पावसाळ्यात ढवळून थोडा निवलेला समुद्र ऑक्टोबरमध्ये पुन्हा वर चढतो, म्हणून किनाऱ्याला वर्षात दोन उन्हाळे असतात. कमाल तापमान मेच्या जवळ पोचतं. ऑक्टोबर हीट हा शब्द मुंबईने रूढ केला. पण भातकापणीला उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ती मुंबईकरापेक्षा जास्त कळते. हे दिवस त्रासाचे आहेत आणि गरजेचेही: भात झोडायला आणि वाळवायला हेच ऊन लागतं, आणि हापूसच्या झाडाला पुढे मोहोर यायचा असेल तर आधी जमिनीतली ओल हटून झाडाला थोडा ताण बसावा लागतो.

नोव्हेंबरमध्ये पहाटेचा मतलई परत येतो. पूर्वेकडून, जमिनीवरून, कोरडा आणि गार. रात्रीचा पारा खाली उतरतो. खळं चोपून सारवतात, त्यावर माटव घालतात, तुळशीचं लग्न होतं, आणि दहिकाल्याबरोबर दशावताराचे खेळ सुरू होतात. सिंधुदुर्गातला जत्रांचा सगळा हंगाम कार्तिक ते फाल्गुन या काळात का, याचं एक सरळ उत्तर हवेत आहे. उघड्यावर रात्रभर बसता येईल अशा रात्री याच. कुणकेश्वरची महाशिवरात्रीची यात्रा या हंगामाच्या टोकाला येते. लाखो माणसं वाळूवर चालतात, गावोगावच्या देवस्वाऱ्या तरंगांसह येऊन समुद्रात स्नान करतात, आणि समुद्र तेव्हा वर्षातला सर्वांत शांत असतो. ही यात्रा जुलैत भरूच शकली नसती.

बागायतदार मात्र थंडीत निवांत नसतो. दिवसा कोरडं ऊन आणि रात्री चांगली थंडी मिळाली तर पालवीऐवजी मोहोर फुटतो. बंगालच्या उपसागरातल्या किंवा अरबी समुद्रातल्या एखाद्या वादळाने चार दिवस ढग आणले की तुडतुडे आणि भुरी येतात. डिसेंबर २०१७ मधलं ओखी वादळ अनेकांना आठवत असेल. केरळ-तामिळनाडूच्या बोटी तेव्हा देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. मे २०२१ मधल्या तौक्तेने तर उभी झाडं पाडली. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली आहे. समुद्र गरम होतोय, हे त्यामागचं मुख्य कारण. जुन्या ठोकताळ्यांवर आता पूर्वीइतकं विसंबता येत नाही, आणि हे मान्य करून नवा अंदाज रोज बघायची सवय लावून घेणंच शहाणपणाचं.

मार्चबद्दल थोडंच सांगतो, पण ते महत्त्वाचं आहे. कधी कधी मार्चमध्ये पूर्वेचा कोरडा, तापलेला वारा दिवसा वाहत राहतो आणि खाऱ्या वाऱ्याला दोन-तीन वाजेपर्यंत आत येऊ देत नाही. मग किनाऱ्यावर मेमध्येही होत नाही एवढं तापमान होतं. मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदवले गेले ते अशाच महिन्यात. किनाऱ्यासाठी उष्णतेच्या लाटेचा निकषही म्हणून वेगळा: देशावर ४० अंश, किनाऱ्यावर ३७ आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त.

आता घराकडे येतो, कारण हे सगळे वारे शेवटी घरात सोसायचे किंवा भोगायचे असतात. पश्चिम किनाऱ्यावर घर बांधणाऱ्यापुढे एक पेच असतो. उन्हाळ्यात हवा तो खारा वारा पश्चिमेकडून येतो, आणि पावसाळ्यात नको असलेला झोडपणारा पाऊसही पश्चिमेकडूनच येतो. जुन्या घराने हा पेच सोडवला होता. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, उतरतं कौलारू छप्पर, भिंतीपासून बऱ्याच पुढे आणलेल्या पागोळ्या, आणि घराभोवती फिरणारी पडवी. पाऊस पडवीत थांबे, भिंतीपर्यंत पोचत नसे. मेअखेरीस पश्चिमेच्या अंगाला चुडतं विणून बांधायची आणि दसऱ्यानंतर ती सोडून चुलीत घालायची. घराची ही बाजू अर्धं वर्ष बंद आणि अर्धं वर्ष उघडी. गरम हवा कौलांच्या फटींतून वर निघून जाई. माळ्यावर चुलीचा धूर राहायचा, त्यामुळे वासे आणि बियाण्याच्या मुड्या किडीपासून वाचत.

जुन्या घरात सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. चुलीच्या धुराने बायकांची फुप्फुसं गेली, दर दोन वर्षांनी कौलं परतायला माणसं मिळेनाशी झाली, माकडांनी उरलीसुरली फोडली. पक्कं घर हवं असणं अगदी रास्त आहे. पण त्याच्या जागी जे येतंय ते कोकणासाठी बांधलेलं नाही. सपाट स्लॅब दिवसभर ऊन शोषतो आणि रात्रभर खोलीत सोडतो, आणि इथल्या रात्री मुळातच निवत नाहीत. पडवी गाळून तिथे खोली काढली जाते. पश्चिमेला सरकत्या काचा बसतात, त्या अर्ध्याच उघडतात, आणि पावसाचं पाणी आत येतं म्हणून अर्ध्याही उघडत नाहीत. मग वातानुकूलन यंत्र लावावं लागतं, आणि वळवात वीज गेली की घर भट्टी होतं. देवगड-कुणकेश्वर रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या पर्यटक निवासांत हे मला फार खुपतं. समुद्रासमोरची जागा घेऊन समुद्राचा वारा बंद करणारी इमारत उभी करायची, हा पैशाचा आणि हवेचा दोन्हीचा अपव्यय आहे.

उपाय अवघड नाहीत, महागही नाहीत. स्लॅबवर उतरतं पत्र्याचं किंवा कौलांचं दुसरं छप्पर आणि मधून वारा फिरेल एवढी मोकळी जागा. पश्चिमेला किमान चार-पाच फुटांची पडवी. समोरासमोर खिडक्या, आणि त्यांना काचेऐवजी किंवा काचेबरोबर तिरप्या फळ्यांच्या झडपा, म्हणजे पाऊस अडेल आणि वारा येईल. छताजवळ गरम हवेला बाहेर जायला जाळी. छताचा पंखा: ३३ अंशांच्या दमट हवेत तो फार कमी विजेत घाम सुकवायचं नेमकं काम करतो. आवारात पश्चिमेला माड, पूर्वेला आंबा-फणस. माडाच्या बुंध्यांमधून वारा येतो, दाट झाडांतून येत नाही.

या किनाऱ्यावर घर बांधायला काढलं असेल, तर नकाशावर सही करण्याआधी एप्रिलमधली एक दुपार आणि डिसेंबरमधली एक पहाट त्या रिकाम्या जागेवर उभं राहून काढा. वारा कुठून येतो ते पाहा, गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला पाऊस कुठल्या बाजूने झोडपतो ते विचारा, आणि मगच खिडक्या कुठे ठेवायच्या ते अभियंत्याला सांगा.